सल्टच्या उतारावरचा हँडब्रेक

तेव्हा जॉर्डनमधल्या सल्ट गावात, आमच्या उतारावर गाड्या मोजक्याच. त्यामुळे चाकाची ती किंकाळी घराघरात ऐकू गेली. ऑलिव्ह काढणीचे दिवस, वर भुरभुर पाऊस... आणि मागचं एक चाक फरफटवत एक निळा पिकअप आमच्या गॅरेजसमोर थांबला.

"उस्ताद आहेत का?" उतरलेल्या तरुणानं विचारलं.

"मीच. मैसून."

त्यानं माझ्या मागे चहा घेत बसलेल्या बाबांकडे पाहिलं. बाबा हसले. "माझी नजर गेली, पोरा. आता गॅरेज तीच बघते."

त्याचं नाव सुहैब. हँडब्रेक सुटत नव्हता.

"ओढला कधी होता?"

"दोन वर्षांपूर्वी. कुवेतला जाताना."

"दोन वर्षांत एकदाही घरी नाही आलात?"

तो हळूच म्हणाला, "आई गेली तेव्हाही... नाही पोचलो. आता गाडी विकतो. गुरुवारचं विमान आहे."

मी जीभ चावली आणि जॅक लावला.

चाकामागचा ब्रेकचा ड्रम निघता निघेना. मागच्या भोकातून आतली चकती सैल केली, कडेनं हातोडीनं ठोकत राहिले. तासाभरानं निघाला, तर ब्रेकचं लायनर गंजून ड्रमलाच चिकटलेलं, आणि हँडब्रेकची केबल आपल्या नळीत घट्ट रुतलेली.

"दुसरं चाकही उघडू?" त्यानं उत्साहानं विचारलं.

"खबरदार! एका वेळी एकच. जोडताना काय कुठे बसतं ते कळायला दुसऱ्याकडे बघावं लागतं."

"मग मी कुणाकडे बघू?"

"हातातल्या दिव्याकडे. उजेड चाकावर पाडा, माझ्या तोंडावर नको!"

बाबा खोकले. माझे कान तापले.

स्प्रिंग अडकवताना ती सटकली आणि थेट त्याच्या कपाळावर बसली.

"लागलं?"

"लागलं... पण कपाळाला नाही."

"असली वाक्यं कुवेतला शिकवतात वाटतं?"

"तिथे बोलायलाच कोणी नसतं, मैसून."

त्यानं पहिल्यांदाच नाव घेतलं. मी मान वर केली नाही.

केबल अम्मानहून आणावी लागली. ती आणायला तोच गेला, येताना बाबांसाठी गरम कनाफा, चीजची गोड मिठाई, घेऊन आला. अजूनही ब्रेक ऑइलचा वास आला की मला ते तीन दिवस आठवतात. किती पटकन संपले!

बुधवारी आम्ही पिकअप सर्वांत खड्या चढावर नेला.

"ओढा. आता पाय काढा."

गाडी जागची हलली नाही. काचेवर पावसाचे थेंब ओघळत होते. दोघंही उतरेनात.

"येशील माझ्याबरोबर?"

"बाबांना कुणावर सोडू?"

"मग... मीच राहतो."

"वेडे आहात! कुवेतची नोकरी कोणी सोडतं का?"

"कोणी नसेल सोडत. मी सोडतो."

मी खाली उतरले, घरी चालत आले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

गुरुवारी दुपारी, विमान उडून गेल्यावर, तो आपल्या थोरल्या काकांना आणि आळीतल्या चार वडीलधाऱ्यांना घेऊन आमच्या दारात हजर! मी कॉफी देऊन दाराआड गेले. काकांनी मागणीच्या रीतीप्रमाणे कप न पिताच खाली ठेवला. होकार आल्याशिवाय ओठाला लावायचा नाही.

बाबांनी दाराकडे तोंड वळवलं. "मैसून, काय सांगू यांना?"

मी दाराआडूनच म्हणाले, "प्यायला सांगा, बाबा... कॉफी गार होतेय."