फाइलीत कोण बसलंय?

‘फाइल दुसऱ्या कुणीतरी उघडली आहे.’

मेरेतेच्या स्क्रीनवर पुन्हा तीच पाटी! फानो बेटावरच्या त्या एवढ्याशा ऑफिसातून उन्हाळी घरं भाड्याने दिली जायची. सगळ्या घरांची, सगळ्या पाहुण्यांची नोंद एकाच फाइलीत, आणि ती उघडायची एका वेळी एकानेच. बाकीच्यांनी हात चोळत बसायचं.

मेरेते तरातरा जिना चढली. “कोण बसलंय आत?”

माळ्यावर खिडकीपाशी एक अनोळखी तरुण. वाऱ्याने केस पिंजारलेले, चष्मा नाकावर घसरलेला.

“मी... आस्गर. आजच लागलोय कामाला.”

“बरं, आस्गर. आता बाहेर पड.”

“ऑफिसातून?”

“अरे देवा — फाइलीतून!”

तो हसला. आणि काय सांगावं, जिना उतरताना पोरीचा पाय चुकला की हो!

ऑफिसचा एक नियम होता. फाइल उघडी टाकून जो जागेवरून उठेल, त्याने शुक्रवारी सगळ्यांना केक खाऊ घालायचा. आस्गर आल्यापासून दर शुक्रवारी केक त्याचाच. कधी सफरचंदाचा, कधी दालचिनीचा, एकदा तर चक्क करपलेला.

“इतका विसराळू माणूस मी जन्मात पाहिला नाही,” मेरेते कमरेवर हात ठेवून म्हणायची.

“आणि इतकी गोड चिडणारी मुलगी मी पाहिली नाही. अजून एकदा ओरड ना...”

“फाइल सोड आधी!” ती म्हणायची, पण कान लाल व्हायचे.

मग जून उजाडला. एका सकाळी फोनवरून मेरेतेने हँबुर्गच्या कुटुंबाला एक घर देऊन टाकलं. फाइल नेहमीसारखी आस्गरकडे अडकलेली. नंतर नोंदवू, म्हणाली आणि साफ विसरली. तेच घर आस्गरने दुसऱ्यांना दिलं. शनिवारी दोन्ही कुटुंबं एकाच दारात हजर! वरून धो धो पाऊस, हँबुर्गची दोन लेकरं कुडकुडत उभी. शेवटी ऑफिसची मालकीण बिर्गिटने त्यांना आपल्या घरी नेलं.

ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “मेरेते, तुझ्यावर माझा भरवसा होता गं.”

त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी आस्गर सगळ्यांच्या कॉम्प्युटरशी खुडबुड करत होता. नोंदी एका जागी ठेवल्या, आणि त्या बघायला, भरायला प्रत्येकाच्या टेबलावर आपापली सोय. दुपारपर्यंत सगळे एकाच वेळी काम करू लागले, कुणी कुणाला अडवेना. बिर्गिट खूश. मेरेते मात्र सरळ माळ्यावर.

“तुला हे येत होतं?”

“हो.”

“पहिल्या दिवसापासून?”

“...हो.”

“मग केलं का नाहीस?”

आस्गरने चष्मा काढून उगाच पुसला. “केलं असतं तर तू वर आली नसतीस.”

मेरेतेच्या काळजात लक्कन हललं. पण ती भिजलेली लेकरं डोळ्यांसमोरून हलेनात. “तुझा खेळ झाला, आस्गर. त्या पोरांचे हाल झाले, आणि बोल मला लागला.”

“खेळ नव्हता गं. पण चुकलो. बिर्गिटला सगळं सांगितलंय, कारणासकट.”

“कारणासकट? काय म्हणाली?”

“गाढव म्हणाली.”

“बरोबर म्हणाली,” असं म्हणून ती खाली निघून गेली.

त्यानंतर फाइल झटक्यात उघडू लागली. कुणाला हाक मारायला नको, कुणावर ओरडायला नको. शुक्रवारचा केकही बंद पडला. वर आस्गरची खुर्ची करकरली की मेरेतेचं बोट कीबोर्डवर थांबायचं. राग तर केव्हाच विरला होता. उरली होती नुसती हुरहुर, आणि वर जायला निमित्त म्हणून काही उरलं नव्हतं.

एका धुक्याच्या सकाळी ती उठली आणि जिना चढली. या वेळी अगदी हळू.

आस्गर गडबडून उभा राहिला. “फाइल अडली का?”

“नाही. मस्त चाललीय.”

“काही विचारायचंय?”

“नाही.”

“मग...?”

“मला तू आवडतोस, आस्गर. हे सांगायला फाइल अडायची वाट बघत बसले असते, तर म्हातारी झाले असते मी.”

आस्गरने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. “मला... म्हणजे मलाही... केव्हापासून तू—”

“सावकाश बोल,” मेरेते त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. “मला काही घाई नाही.”

खाली फोन वाजू लागला. ती जागची हलली नाही.

“राहू दे, मी घेते!” खालून बिर्गिट ओरडली.