भिंतीपलीकडचं बिऱ्हाड

मंचरच्या बाजारात बटाटा घालून चांगदेव दिवेलागणीला लोणी गावच्या मळ्यात आला, तर घराच्या धुराड्याच्या दोन्ही तोंडांतून धूर निघत होता. तो बांधावरच थांबला. धूर एकाच तोंडातून निघायला पाहिजे होता.

घर विलायती होतं. पोरगा सुनील इंग्लंडात नोकरीला. तिकडं तो भाड्यानं राहायचा त्या घराचा फोटो त्यानं धाडला आणि गेणभाऊ गवंड्यानं तसंच्या तसं उभं केलं. पुढं पोट काढलेली खिडकी, दारावर अर्ध्या भाकरीसारखी काच, बैठकीत भिंतीतली शेकोटी. कडेच्या दोन्ही भिंती मात्र आंधळ्या. चांगदेवनं तेव्हाच फोनवर पोराला झापलं होतं.

"खिडक्या कुठं गेल्या?"

"दादा, तिकडं घरं ओळीनं चिकटून असत्यात. मधली भिंत दोघांची. धुराडंबी दोघांचं. एक तोंड आपलं, एक शेजाऱ्याचं."

"आन हितं शेजारी कोण? कांदा?"

पण तोवर गेणभाऊनं फोटोत दिसलं ते करून ठेवलं होतं. दुसऱ्या तोंडाखाली नुसती भरीव भिंत.

खरी कटकट वेगळीच होती. गावातली आळी सोडून मळ्यात आल्यापासून चिमाबाईला बोलायला माणूस नव्हतं. नवऱ्याशी बोलावं तर तो खेकसायचा. "उद्या लेकीकडं जाते, कायमची," असं तिनं सकाळीच सांगून पिशवी भरली होती. हा "जा" म्हणाला होता, आणि दिवसभर बाजारात त्याला चहा गोड लागला नव्हता.

त्यानं दार ढकललं. शेकोटीच्या उजेडात चिमाबाई आंधळ्या भिंतीला कान लावून बसली होती. खुदूखुदू हसत होती. घरभर बाजरीची भाकर भाजल्याचा वास, आणि चूल तर थंड.

"कोण हाय गं?"

"हळू... पोर निजलंय."

त्यानंही कान लावला. भिंत उबदार होती, अंगासारखी. पलीकडं पाळण्याची कडी करकरत होती... मग अगदी विटेपाशी बाईचा आवाज आला, "आजी, वाईच विरजण मिळंल का?"

"दिवे लागल्यावर विरजण देत न्हाईत गं बाई. सकाळी ठेवते."

चांगदेव बॅटरी घेऊन बाहेर धावला. भिंतीला वळसा घातला. कांद्याचे वाफे, पातीवर दव, कुणाचं पाऊल नाही. वर दोन्ही धूर एकमेकांत गुंतत होते.

"चिमे... कोणी न्हाई तिथं."

"तुमच्याशी बोलाया कोण थांबंल?" असं म्हणत तिनं पिशवीतली लुगडी परत कपाटात लावायला घेतली. चांगदेवच्या हातात बॅटरी अजून जळतच होती. तरी ते बघून त्याला हसू आवरेना.

सकाळी तिनं विरजणाची वाटी भिंतीच्या बाहेरच्या अंगाला ठेवली. दुपारी वाटी भरलेली होती. शेजारणीचं भांडं कुणी रिकामं धाडत नाही. आत गरम घुगऱ्या, बारशाच्या.

चांगदेवनं वास घेतला, मग मूठभर तोंडात टाकल्या. लई दिवसांनी तोंडाला चव आली.

"नाव काय ठिवलं पोराचं?" त्यानं चावता चावता विचारलं.

"चांगदेव," चिमाबाई खुशीत म्हणाली. "पणज्याचं नाव घातलंय म्हणं... त्यो हितंच राहायचा. भिंतीच्या अलीकडं."