आरतीआधी उठायचं नाही

विश्रांतवाडीतल्या बैठ्या बंगल्याच्या अंगणात गोपाळकृष्ण रोज संध्याकाळी जाईला पाणी घालत. नवरात्र नुकतंच सरलं होतं. वेलावर पहिला प्रार्थनाकीटक दिसला तेव्हा त्यांना कौतुकच वाटलं. काडीसारखं हिरवं अंग, इवलंसं तिकोनी डोकं आणि पुढचे दोन पाय छातीशी असे जोडलेले, की जणू देवळात दर्शनाला उभा आहे.

"या, बसा महाराज," ते म्हणाले. "पण आमच्याकडे आता कीर्तन होत नाही हो."

पूर्वी होत असे. दर एकादशीला याच ओसरीवर त्यांची बायको सुहासिनी कीर्तनाला उभी राहायची आणि ते तिच्या डाव्या हाताला पेटीवर बसायचे. पूर्वरंगाचं निरूपण संपलं की तिला हार घालायचा. मग ती स्वतः चांदीची डबी घेऊन माणसामाणसाच्या कपाळी बुक्का लावत फिरायची. मग उत्तररंगाची कथा, आणि सर्वांत शेवटी आरती. आरतीआधी कुणी उठायचं नाही, हा तिचा दंडक. कुणी घड्याळ बघितलं तर हसून म्हणायची, "बस दुसरी मिळेल. बसा!"

गेल्या श्रावणातल्या एकादशीला हार घातला, तिनं डबी उचलली, आणि ती जी खाली बसली ती उठलीच नाही. डबी काही मुठीतून सुटेना. तशीच तिच्याबरोबर चितेवर गेली.

दुसऱ्या संध्याकाळी वेलावर चार-पाच कीटक होते. आठवड्यात वेल भरून गेला. गोपाळकृष्ण खुर्ची टाकून बघत बसू लागले. हे किडे म्हणे भारी शिकारी. पण एकाच्या जोडलेल्या हातांमधून माशी चालत गेली तरी त्यानं ती धरली नाही. सगळ्यांची तोंडं ओसरीकडे.

"बाबा, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवू का?" आयटी कंपनीतून थकून आलेली तनया म्हणाली.

"श्रोते आहेत ते. झुरळं नव्हेत."

"बरं. श्रोत्यांना सांगा, शनिवारी टेम्पो येतोय." मग ती जवळ येऊन बसली. "मांजरी भागातला फ्लॅट छान आहे हो. इथे दिवसभर एकटे राहून झुरताय तुम्ही. आणि बिल्डर काही थांबणार नाही. शेजारचा बंगला बघितलात ना, चार दिवसांत सपाट."

ते उत्तर देणार होते. तेवढ्यात वेलावरची डोकी वळली. सगळी एकदम, डावीकडून उजवीकडे. थांबली. परत उजवीकडून डावीकडे.

वारा नव्हता.

ती लय गोपाळकृष्णांच्या बोटांना ओळखीची होती. तीन पावलं पुढे, वळायच्या आधी क्षणभर थांबणं. सुहासिनीचा उजवा गुडघा दुखायचा. अभंग रंगला तरी वळताना ती तेवढी एक मात्रा घ्यायचीच.

ती अजून उभीच होती. हार घातलेली, कीर्तन अर्धवट राहिलेली. आणि शनिवारनंतर इथे छप्परही उरणार नव्हतं.

शुक्रवारी तिन्हीसांजेला त्यांनी बांधलेल्या सामानातून पेटी काढली. निरांजन लावलं.

"काय करताय?" तनयानं विचारलं.

"तुझ्या आईला मोकळं करतोय. झांज घे."

लहानपणी शिकलेली झांज तनयानं हातात घेतली. दोघांनी आरती म्हटली. गोपाळकृष्णांचा आवाज दोनदा फुटला. शेवटी त्यांनी ओसरीच्या रिकाम्या मध्यभागी डोकं टेकवलं.

"झालं हो," ते पुटपुटले. "आता बस. किती वेळ उभी राहशील?"

वेलावरून एकही कीटक उडाला नाही.

मग डोकी वळू लागली. सावकाश. ओसरीच्या मधून पेटीकडे. ती गोपाळकृष्णांवर येऊन थांबली.

बुक्क्याचा वास आला.

कपाळाला काहीतरी गार लागलं.

"बाबा," तनयाची झांज थांबली होती. "कपाळाला काय लागलंय?"

त्यांनी बोट लावून बघितलं. काळं होतं.

तेव्हा त्यांना चूक कळली. उत्तररंग व्हायचाच होता आणि आपण थेट आरतीवर गेलो. तिनं ती आरती जमेस धरलीच नव्हती. बुक्का लागला म्हणजे कथा आता कुठे सुरू होणार.

त्यांनी डोळे पुसले, भाता ओढला आणि पेटीची काळी चार पट्टी दाबून धरली. तिचा सूर.

"बाबा, चला आत. उद्या टेम्पो येतोय."

"दुसरा मिळेल," ते हळूच म्हणाले. "बस, तनू."

ती उठू लागली. वेलावरची डोकी गोपाळकृष्णांवरून हलली, वळताना मध्येच क्षणभर थांबली, आणि तनयापाशी येऊन स्थिर झाली.