मॅडमची विहीर

रविवारी सकाळी सास्तूरच्या शिवारातून कृष्णराज मोटरसायकलवरून चालला होता. अचानक विहिरीकडून पोरींचा गलका आला — "मॅडम बुडाल्याऽऽ!"

त्यानं गाडी तशीच टाकली, धावत गेला अन् बुटासकट उडी मारली.

मॅडम बुडाल्या नव्हत्या. पोरींशी पैज लावून तळ गाठायला गेल्या होत्या; वर यायला वेळ लागला, म्हणून पोरी घाबरल्या. वर येऊन बघतात तर एक अनोळखी माणूस गटांगळ्या खातोय! त्यांनी कॉलर धरून त्याला पायरीपर्यंत ओढत आणलं.

"पोहता येत नाही का तुम्हाला?"

"नाही..." तो खोकत म्हणाला.

"मग उडी कशाला मारली?"

"तुम्ही... बुडताय म्हणून."

पोरी खिदळल्या. पण ओल्या पापण्यांतून तो इतक्या खरेपणानं बघत होता, की मॅडमनीच नजर वळवली.

मॅडम म्हणजे प्रतीक्षा. मुरुमच्या कॉलेजात अर्थशास्त्राची प्राध्यापिका. मागणी-पुरवठा शिकवायला पोरांना थेट बाजारात, लिलावाला नेणारी. रविवार मात्र वडिलांच्या विहिरीचा. गावातल्या पोरींच्या पाठीला तरंगायला रिकामा डबा बांधून ती त्यांना पोहायला शिकवायची. कृष्णराज तामलवाडीचा, जनावरांचा डॉक्टर, नुकताच इकडं बदलून आलेला.

पुढच्या रविवारी तो हजर! पाठीला डबा बांधून, शाळकरी पोरींच्या रांगेत.

"माणूस फायदा-तोटा बघून निर्णय घेतो, असं शिकवते मी वर्गात," ती म्हणाली. "तुम्ही माझा धडाच खोटा पाडला."

"फायदा झालाच की! प्राध्यापिका मिळाली... ती पण फुकटात."

ती लाजली, आणि लाज लपवायला त्याच्या तोंडावर पाणी उडवलं.

असे किती रविवार गेले. हिवाळा सरता सरता तो डब्याशिवाय विहीर पार करून आला. त्याच दिवशी, पायरीवर बसून, ती हळूच म्हणाली, "संभाजीनगरच्या विद्यापीठात माझी निवड झालीय."

तो पाण्यात बोटं फिरवत राहिला.

"लई चांगलं झालं. जावा तुम्ही."

"आणि या पोरी?"

त्यानं समोर बोट दाखवलं. शिवांजली, त्यांच्यातली सगळ्यात मोठी, एका रडक्या पोरीला धरून पाण्यात उतरवत होती. प्रतीक्षाचे डोळे भरले.

"आणि... तुम्ही?"

"मला तुम्ही आवडता," तो एकदम बोलून गेला. "पण थांबा म्हणणार नाही मी. कधीच."

"मीही थांबणार नाही," ती हसली. "चला म्हणतेय. याल?"

"बदली मागतो. जनावरं तिकडंही आजारी पडतातच की!"

तिनं त्याचा ओला हात धरला... सोडला नाही.

तेवढ्यात वरून प्रतीक्षाच्या आईची, सिताबाईंची हाक आली, "चहा गार व्हायलाय गं!"

"आलो, आई!" कृष्णराजनंच ओ दिली.

मग सिताबाई काठावरून वाकल्या.

"काय म्हणालात, डॉक्टर?"