घरातला जागल्या

रक्तरोग केंद्राच्या मागच्या मोठ्या खोलीत रोज सकाळी पेशंट जागच्या जागी सायकली मारत बसलेले असत. त्यांच्यातला एकही घाबरलेला दिसत नसे, आणि वृषाली बेंद्रेला नेमकं तेच खटकायचं. डोक्यावरचे केस गेलेले, दंडाला नळ्या, रक्ताचा कर्करोग झालेली ही माणसं. आणि चेहरे असे, की जणू सहलीची बस आत्ता यायची आहे.

तिचा नवरा निरंजन त्यांच्यातच होता. माणूस जन्माचा काळजीखोर. निजायच्या आधी गॅसचा कॉक दोनदोनदा बघणारा, ती यायला जरा उशीर झाला की फोनवर फोन करणारा. आजार कळल्यावर तर केमोला जाताना त्याने अर्ध्या रस्त्यातून गाडी माघारी वळवली होती. एकदा नव्हे, प्रत्येक वेळी. तोच निरंजन केंद्राने छातीवर वळणपट्टी लावल्यापासून महिन्याभरात निवांत झाला. सुई टोचली जात असताना तो नर्सला खिचडी मोकळी कशी होते ते सांगायचा.

वृषालीने आधी गोळ्यांवर संशय घेतला. एकेकीचं नाव शोधून पाहिलं; मन बधिर करणारी एकही निघाली नाही. मग वाटलं, डॉक्टरांनी याला काहीतरी सांगितलंय आणि माझ्यापासून लपवलंय. शेवटी ती सरळ डॉ. मधुरा खोतांच्या खोलीत जाऊन बसली. ही वळणचिकित्सा त्यांनीच उभी केली होती.

“तुम्ही त्याला देता तरी काय?”

“काहीच नाही, वृषालीताई. व्यायाम करून घेतो आणि बोलतो.” डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. “तुम्ही जिना धावत चढलात की छाती धडधडते. वाईट बातमी ऐकली तरी धडधडते. धडधड तीच. ती दमल्याची की भीतीची, हे मेंदू आजूबाजूचं बघून ठरवतो. आम्ही पेशंटला सायकलवर बसवतो आणि छाती धडधडायला लागली की त्याच्या भीतीचाच विषय काढतो. रिपोर्ट वाईट आला तर? आजार उलटला तर? धडधड चालू असते, पण वाईट काहीच घडत नाही. पुन्हा पुन्हा असं झालं की मेंदू शिकतो, ही धडधड सायकलची आहे.”

यात तसं नवीन काही नव्हतं. व्यायाम आणि वर्तनोपचार यांची जोडी जुनी होती. गुण यायचा, पण हळूहळू, आणि आजाराने पुन्हा उचल खाल्ली की शिकलेलं पुसलं जायचं. वळणपट्टीने ते बदललं. ती नाडी वाचायची आणि नेमक्या क्षणी, मानेवर चिकटवलेल्या टोकातून, तिथल्या नसेला विजेचा हलका स्पर्श द्यायची. तो क्षण मेंदूत पक्का बसायचा. लहान मुलाला वळण लावावं तसं हृदयाला वळण लागायचं, आणि ते सुटत नसे.

“म्हणजे त्याची छाती आता धडधडतच नाही?”

“धडधडते की. फक्त तिचा अर्थ भीती असा लागत नाही.”

डॉक्टर हसल्या. ते हसणं वृषालीला जरा जास्तच सराईत वाटलं. घरी येताना एक विचार तिचा पिच्छा सोडेना. लग्नाआधी बसस्टँडवर तिला पाहिल्यावर निरंजनची छाती धडधडायची, असं तो सांगायचा. त्या धडधडीचा अर्थ आता काय लागत असेल? विचारायचा तिला धीर झाला नाही.

मग तो रविवार आला. दुपारी निरंजन गॅलरीत पाय पसरून बसला होता. चहाचा कप देताना तिचा हात त्याच्या बोटांना लागला आणि तिने दचकून कप खाली ठेवला. त्याचा हात भट्टीसारखा तापला होता.

“कधीपासून?”

“सकाळपासून असेल. छान वाटतंय गं. आत्ताच चालून आल्यासारखं.”

“ताप बघितलास?”

“बघितला ना. एकशे दोन.” त्याने तो आकडा हवामान सांगावं तसा सांगितला.

केमोनंतर अंगातल्या पांढऱ्या पेशी नाहीशा झालेल्या असतात. अशा वेळी साधा तापही माणसाला दिवसभरात नेऊ शकतो. ताप आला की तासाभरात केंद्रात यायचं, हे निरंजनला पाठ होतं. केंद्राकडे निघाल्यावर गाडीत त्याने तिला ते शब्दन् शब्द म्हणूनही दाखवलं.

“माहीत होतं तर बोलला का नाहीस?” ती ओरडली.

तो खरंच विचारात पडला. “माहीत होतं. पण उठावंसं वाटलं नाही.”

तीन दिवस तो अतिदक्षता विभागात होता. वाचला. चौथ्या दिवशी वृषाली डॉ. खोतांसमोर उभी राहिली, बसली नाही.

“ते वळण काढून टाका.”

“काढलं तर तो पुढची केमो घेईल?”

माघारी वळणारी गाडी वृषालीला आठवली. डॉक्टर म्हणाल्या, “त्यालाच विचारा.”

तिने विचारलं. निरंजनने तिचा हात धरला आणि शांतपणे म्हणाला, “मला परत तसा करू नकोस, वृषाली. तेव्हा मी रोज मरत होतो.”

या प्रश्नावर केंद्राने तोडगा काढला होता. पूर्वी गावात पहारा करणारा जागल्या असायचा; गाव त्याच्या भरवशावर निजायचं. तसा प्रत्येक पेशंटच्या घरी एक जागल्या नेमायचा. त्याने वळण लावून घ्यायचं नाही. पेशंटच्या वाट्याची भीती त्याने बाळगायची. वृषालीने ते पत्करलं. तिच्या छातीवरही पट्टी आली, पण ती फक्त नाडी वाचणारी.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. निरंजनच्या रक्तात सुधारणा दिसू लागली. त्याला हात लावून बघणं, त्याच्या लघवीचा रंग विचारणं, शिंक आली की उठणं, हे सगळं तिच्या अंगवळणी पडलं. मग एका तपासणीला डॉ. खोतांनी निरंजनला बाहेर बसवलं आणि तिला आत बोलावलं.

“मागच्या वेळी तुम्ही त्याला उशिरा आणलंत.”

“थोडासाच ताप होता. मला वाटलं, उतरेल.”

“तेच. तुमची भीती कमी होतेय. पट्टीवर दिसतंय.” डॉक्टरांचा स्वर मऊ होता. “तुमचा दोष नाही. माणूस कशालाही सरावतो. पण घरात कुणीतरी घाबरायला हवं.”

“मग?”

“वळण दोन्हीकडे लावता येतं. धडधड सायकलकडे वळवता येते, तशी भीतीकडेही.”

“नंतर काढता येतं?”

“त्याचे उपचार संपले की बघू.”

“आजवर कुणाचं काढलंय?”

“पेशंटांपैकी कुणी मागितलेलं नाही.”

“मी जागल्यांचं विचारतेय.”

डॉक्टरांनी समोरच्या संगणकाचा पडदा नीट केला. “जागल्यांत असं वळण लावून घेणाऱ्या तुम्ही पहिल्याच आहात,” त्या म्हणाल्या. वृषालीला ते खरं वाटलं नाही. पण गॅलरीतला तो तापलेला हातही डोळ्यांसमोरून हलेना. ती उठून सायकलींच्या खोलीकडे गेली.

तिथे व्यायाम करून घेणाऱ्या समुपदेशकाने तिच्या मानेवर पट्टीचं टोक चिकटवलं. तिने पायडल मारायला सुरुवात केली. निरंजन आत आला आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

“घाबरू नकोस,” तो म्हणाला. “काही वाटत नाही.”

त्याच्या हाताखाली तिचा श्वास जरा सैल झाला. समुपदेशकाने पडद्यावरची नाडी पाहिली.

“साहेब, तुम्ही बाहेर बसा,” तो अदबीने म्हणाला. “आणि घरीसुद्धा यांना धीर देत जाऊ नका.”

“बरं,” निरंजन म्हणाला, आणि हसत हसत बाहेर गेला.