मरळ थांबल्यावर घेते

तलावाच्या पाळीवरून भराभर चालणारा संघपाल एकाएकी जागीच थांबला. खालून, बेशरमाच्या झुडपांमागून, एका मुलीचा दबका आवाज आला होता.

"थांब... हालू नको. हालू नको म्हनलं ना..."

पावसाळा नुकताच सरलेला. गवत कमरेएवढं वाढलेलं. अशा दिवसांत उंद्री गावाकडच्या माणसाला कोणी असं म्हणालं, तर त्याला एकच अर्थ कळतो. पायाजवळ साप आहे. संघपालचा उजवा पाय उचललेला होता, तो तसाच राहिला.

"कोनता हाये?" त्यानं ओठ न हलवता विचारलं.

"कोन कोनता?"

"साप."

"कुठी हाये साप?"

"तुमीच तं म्हनलं, हालू नको."

झुडपामागून हसू आलं, आधी दाबलेलं, मग मोकळं. फांद्या बाजूला सारून ती मुलगी वर आली. हातात बारीकशी काळी दांडी, दांडीला दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला बोटभर लांबीचा चंदेरी मासा, प्लास्टिकचा.

"मी माह्या हाताले म्हनत होती," ती म्हणाली. "ठेवा पाय खाली. थकसान."

संघपालनं पाय ठेवला, पण त्याची नजर काही तिच्यावरून हलली नाही.

तो विहिरी-तलावावरच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. गव्हा-हरभऱ्याची पेरणी जवळ आली की तलावाच्या काठानं शेतकऱ्यांच्या मोटारी बसतात आणि संघपालची रोज एक तरी फेरी होते. दिवसभर त्या आवाजात राहून त्याला मोठ्यानं आणि सतत बोलायची सवय लागली होती. कोणी गप्प बसलं की काहीतरी बंद पडलं असंच त्याला वाटायचं.

तिचं नाव महामाया. गावातल्या मेडिकलवर ती कामाला होती. दुपारी दुकान बंद असायचं, तेवढ्यात ती तलावावर यायची. पुण्याचा भाऊ दसऱ्याला आला तेव्हा मरळ मासा धरायची ही दांडी आणि आमिषाचा हा खोटा मासा इथंच ठेवून गेला होता.

दुसऱ्या दुपारीही संघपाल हजर.

"आज कोनाची मोटार बंद पडली?" तिनं विचारलं.

"पडन ना. वाट पाहून राह्यलो."

ती हसली आणि तिनं दांडी त्याच्या हातात दिली. त्यानं मासा दूर फेकला आणि झटक्यावर झटके देत ओढत आणला.

"अशानं मरळ येन का कुठी? तुमच्या माशाच्या मागं तं जसे पोलीस लागले."

"मंग?"

"दोन झटके द्याचे. मंग सोडून द्याचं. पयनाऱ्या माशाच्या मागं मरळ नुसती फिरते. तो थांबला का तिले वाटते, थकला. तवाच घेते."

"किती येळ थांबाचं?"

"आता पान्याले गारवा आला. तिले इचार करायले येळ लागते."

"मले नाई जमत थांबनं."

"दिसते ते," ती म्हणाली, आणि तिनं त्याचं मनगट हलकेच धरून ठेवलं. तिच्या हाताला औषधांच्या पुड्यांचा वास होता. खोटा मासा पाण्यात निश्चल. मरळ काही आली नाही. संघपालला मात्र ती येऊच नये असं वाटत होतं.

असे बरेच दिवस गेले. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. मग एका दुपारी, तिनं नुकताच मासा फेकला असताना, तो बोलून गेला, "महामाया... माह्यासंगं लगन करशीन?"

तिनं दोन झटके दिले. थांबली. पाण्याकडे बघत राहिली. एक खंड्या या काठावरून त्या काठाला गेला, तरी ती काही बोलेना. जवळचं माणूस गप्प झालं म्हणजे ते दूर गेलं असं नसतं. पण शेजारी बसलेल्याला ते त्या वेळी कळत नाही.

संघपालला ते सोसवलं नाही. "मजाक केली वं," तो मोठ्यानं हसला. "खरं नको समजू."

तिनं दोरा गुंडाळला. "बरं. मजाक चांगली होती," म्हणाली आणि निघून गेली.

त्यानंतर ती आलीच नाही. शेवटी संघपाल मेडिकलवर गेला आणि डोकेदुखीची गोळी मागितली.

"डोकं दुखून राह्यलं?" तिनं वर न बघता विचारलं.

"हाव."

गल्ल्यावरून दुकानाचे मालक पुंजाजी म्हणाले, "पोरी, रविवारची सुट्टी घे बरं तू. पिंपळगाव राजाचे पाव्हने तुले पाहाले येऊन राह्यले ना?"

संघपालच्या हातातली गोळी तशीच राहिली. तिनं गोळ्यांचं पाकीट बंद केलं. "दुपारी तलावावर जाईन मी," ती म्हणाली. कोणाला म्हणाली, ते पुंजाजींना कळलं नाही.

संघपाल तिच्या आधीच जाऊन बसला होता.

"ते मजाक नोती," तो म्हणाला.

"मंग मजाक म्हनलं काऊन?"

"तू काईच बोलली नाई. मले वाटलं, नाईच म्हनते आता. मंग तुह्या आधी मीच..."

"इचार करत होती मी. जलमाचं इचारलं तू. मी काय मोटार हावो, बटन दाबलं का चालू?"

"मंग आता इचारतो. करशीन लगन?"

आणि त्यानं तोंड मिटलं.

तिनं मासा फेकला. दोन झटके. मग काही नाही. त्याच्या तोंडाशी चार गोष्टी आल्या, त्यातल्या दोन विनोदी होत्या. त्यानं सगळ्या गिळल्या. तेवढ्यात समोरच्या काठावर एक मोटार खोकत खोकत बंद पडली. "संघपाल... ओ संघपाल..." कोणीतरी हाका मारू लागलं.

"तुले बलावून राह्यले," ती म्हणाली.

त्यानं नुसती मान हलवली. उठला नाही.

ती त्याच्याकडे बघत राहिली. पाण्यात खळबळ झाली, दोरा ताणला, दांडी वाकली, आणि दोरा पुन्हा सैल पडला. तिनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

"गेली मरळ," ती म्हणाली. मग दोरा गुंडाळत, "रविवारचे पोहे तं करावेच लागतीन. आईनं शेंगदाने आनून ठेवले. पिंपळगाववाल्यांले नाई म्हनायले मी आजच सांगते तिले. रविवारी तूच तुह्या घरचे लोक घेऊन ये."

संघपाल तिच्याकडे बघतच राहिला.

"आता बोललं तरी चालते," ती म्हणाली.