मराठीखाली मराठी

अकोल्याहून अमरावतीला निघालेल्या एसटीत उभं राहायला जागा नव्हती, आणि खिडकीजवळच्या सीटवर कॅमेऱ्याचा स्टँड बसला होता. शेजारी त्याचा मालक.

"हे माणूस होय काय?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"नाही... ट्रायपॉड आहे."

"मंग मांडीवर घ्या त्याले. मी माणूस आहो."

त्यानं लाजून स्टँड मांडीवर घेतला. प्रत्येक खड्ड्याला स्टँडचा पाय तिच्या गुडघ्याला लागायचा आणि मालक 'सॉरी' म्हणायचा. मूर्तिजापूर येईपर्यंत ती हसायला लागली होती.

त्याचं नाव अंकुर. अकोल्यात त्याचं मुलाखतींचं चॅनल होतं. ती जनावरांची डॉक्टर. साडेपाच वर्षं शिकून तिनं भातकुलीत दवाखाना टाकला होता. लोक दारातून डोकवायचे, बाई दिसली की बकरी घेऊन परत जायचे. वडील म्हणाले होते, पोळ्यापर्यंत जमलं तर ठीक, नाही तर घरी ये.

"मी तुमची मुलाखत टाकतो," अंकुर म्हणाला. "निदान नाव तरी कळेल लोकांना."

"माह्या कामाची टाकसान, का चेहऱ्याची?"

"दोन्ही... चालेल?"

ती खिडकीबाहेर पाहू लागली. हसू मात्र काचेत दिसलंच.

तिच्या दवाखान्यात मुलाखत चाळीस मिनिटं चालली. बकरीचं पोट फुगलं तर काय करायचं, काय नाही, सगळं तिनं जीव ओतून सांगितलं. मधेच एक बकरी माईकची वायर चघळायला लागली. प्रियदर्शनी कॅमेरा विसरून ओरडली, "अवं, काहून खाऊन राहिली वं ते? तुले घरी चारा नाही काय?"

रविवारी अंकुरनं टाकलं ते एवढंच. तीस सेकंद. मागे हसण्याचे आवाज. आणि खाली पिवळ्या अक्षरांत: 'अगं, का खातेस ते? तुला घरी चारा नाही का?'

तीन लाख लोकांनी पाहिलं. सोमवारी सकाळपासून तिचा फोन थांबेना. "मॅडम, एकदा 'काहून' म्हणा ना!" शिकलेल्या बाईला शिकलेली माणसं असं म्हणत होती. एकाच्याही घरी जनावर नव्हतं. आणि ज्या चतुराबाईच्या घरी होतं, तिला फोन लागतच नव्हता. फुगलेली बकरी खांद्यावर घेऊन ती म्हातारी दोन कोस चालत आली. बकरी वाचली, थोडक्यात.

दुपारच्या गाडीनं प्रियदर्शनी अकोल्याला गेली आणि अंकुरच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"तीन लाख!" तो आनंदानं म्हणाला. "एवढं कधीच—"

"जनावरं किती आली?"

तो मोबाईलवरचा आकडा पुन्हा पाहू लागला.

"मी चिनी बोलून राहिली होती काय? मराठीखाली मराठी काहून लिवली?"

"बाहेरच्या लोकांना समजावं म्हणून..."

"बकरीले समजलं. तिनं वायर सोडली. तुमच्या लोकायले नाही समजलं?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "हो माय, येऊन राहिलो," तो हळूच म्हणाला. "दोन पोया जास्त टाकजो, भूक लागली."

प्रियदर्शनी त्याच्याकडे पाहत राहिली. "मायच्या बोलण्याखालीबी लिवता काय?"

अंकुरचा चेहरा उतरला. त्यानं तिच्यासमोरच ती क्लिप पुसली.

"गुपचूप पुसून नाही होत," ती म्हणाली. "सगळ्यायसमोर हसवलं, आता सगळ्यायसमोर बोला." तिनं स्वतःचा मोबाईल पाण्याच्या जगला टेकवून लावला. "हं."

"नमस्कार मित्रांनो, मी आपला—"

"असं नाही. घरच्यावानी."

तो मोबाईलसमोर सरकून बसला. "मी अंकुर. अकोल्याचा. मी या डॉक्टरीणबाईचं काम कापलं अन् हसू ठेवलं. खरं म्हणजे मले माह्याच बोलीची लाज वाटे. चुकलो मी. आता पूर्ण मुलाखत टाकून राहिलो, खाली एकबी अक्षर न लिवता. तिचा दवाखाना भातकुलीत आहे. अन्... मले ती लय आवडते."

प्रियदर्शनीनं रेकॉर्डिंग बंद केलं.

"शेवटचं कापून टाका," तो पुटपुटला.

"कापूनच टाकू. लोकायले काय करायचं त्याचं?" तिचा राग अजून उतरला नव्हता, कान मात्र लाल झाले होते. "आधी जिले सांगायचं तिले सांगाव लागते. मंग मोबाईलले."

शेवट कापून त्याची माफी आणि तिची चाळीस मिनिटं दोन्ही चॅनलवर गेली. तासाभरात तिचा फोन वाजला. तिनं दात-ओठ खाऊनच उचलला.

"डॉक्टरीणबाई, मी पातूरहून नत्थुजी बोलतो. म्हैस दोन दिसापासून खाऊन नाही राहिली वं..."

ती बॅग घेऊन उठली. "गाडी आहे ना तुह्याजवळ? काढ. पातूरले जायचं आहे."

"अन् मी सांगणार होतो ते?"

"रस्त्यानं सांग," ती पायऱ्या उतरता उतरता म्हणाली.

'तुमी' जाऊन 'तू' आलं होतं. ते अंकुरच्या उशिरा लक्षात आलं, आणि कॅमेरा तिथंच टाकून तो जिन्याकडे धावला.